भिंत धरून ठेवेल ना?

नवे घर पाहायला आलेला पाहुणा आधी खिडक्या पाहतो, मग पडदे, मग स्वयंपाकघरातला ओटा. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथल्या चार इंची पट्टीकडे कुणाचे लक्ष जात नाही. मिस्त्री लोक तिला स्कर्टिंग म्हणतात. फरशी पुसताना ओले फडके भिंतीला लागू नये, खुर्च्यांचे पाय आणि मुलांच्या सायकली आपटून रंग उडू नये आणि फरशी कापताना कडेला राहिलेली वेडीवाकडी फट झाकली जावी, एवढेच तिचे काम. जागेवर असते तोवर ती दिसत नाही. सुटून पडली, की मात्र घराची अब्रू उघडी पडल्यासारखे वाटते. भिंतीचा ओबडधोबड तळ, फटीत साठलेला केर, मुंग्यांची रांग, सगळे एकदम डोळ्यांत भरते.

दिल्लीतल्या द्वारकेत तळमजल्यावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात अशी पट्टी सुटायला लागली आणि पुढचे तीन-चार महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. वरवर पाहता वाद होता तो खिळे मारायचे की चिकटवायचे एवढाच. पण संसाराला तीस-पस्तीस वर्षे झाली, की नवरा-बायकोचे वाद ज्या गोष्टीवरून सुरू होतात त्या गोष्टीबद्दल क्वचितच असतात.

ही द्वारका श्रीकृष्णाची नव्हे. दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या पलीकडे, पूर्वी पप्पनकलां म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे डीडीएने, सेक्टर पाडून वसवलेले हे उपनगर. सुरुवातीला इथे राहायला येणाऱ्यांना नातेवाईक 'इतक्या लांब?' असे विचारीत. पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागे. २००५ च्या अखेरीस मेट्रो आली आणि द्वारका एकदम जवळ आली. उंच सोसायट्यांच्या मध्ये अजूनही डीडीएचे बिनलिफ्टचे जुने चार मजली फ्लॅट आहेत. नोकरीतून मोकळ्या होणाऱ्या सरकारी माणसाला परवडतील असे त्यातले काही.

या कुटुंबातले गृहस्थ केंद्र सरकारच्या नोकरीत होते. कचेरीतल्या सवयीमुळे शेजारीपाजारीही त्यांना साहेबच म्हणतात आणि ओळखीची मराठी मंडळी त्यांच्या पत्नीला वहिनी. साहेबांची आई, म्हणजे आजी, त्यांच्याचजवळ. मुलगी लग्न होऊन गुरुग्रामला, मुलगा बंगळूरला. सव्वीस वर्षे या मंडळींनी सरकारी क्वार्टरमध्ये काढली. क्वार्टर कसेही असले तरी आपले नसते. भिंतीचा रंग खात्याने ठरवायचा, नळ गळला तर तक्रारीच्या वहीत नोंद करायची आणि सोडताना जसे घेतले तसे परत द्यायचे. आधीच्या बिऱ्हाडाने ठोकलेले खिळे जिथे असतील तिथेच वहिनींनी इतकी वर्षे कालनिर्णय टांगले. एका क्वार्टरमध्ये तो खिळा न्हाणीघराच्या दाराजवळ होता, तर चार वर्षे तिथी पाहायला तिकडे जावे लागे!

निवृत्तीच्या आधी त्यांनी द्वारकेतला हा जुना फ्लॅट घेतला. आजींच्या गुडघ्यांमुळे तळमजला. साहेबांच्या लेखी ही तात्पुरती सोय होती. साताऱ्याजवळ वडिलांच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा आहे. दोन-तीन वर्षांनी फ्लॅट विकायचा आणि तिकडे घर बांधायचे, हे त्यांनी कधीच ठरवून टाकले होते. वहिनींना कुणी विचारले नव्हते. त्यांनीही आपण होऊन काही म्हटले नव्हते. त्यांनी फक्त कीर्तिनगरच्या बाजारात तीन खेपा घालून अक्रोडी रंगाच्या लाकडासारख्या पट्ट्या पसंत केल्या. प्लॅस्टिक आणि लाकडाचा भुसा मिसळून करतात त्या, पाण्याने न फुगणाऱ्या. एका ठेकेदाराच्या पोरांनी अर्ध्या दिवसात त्या सगळ्या घरभर चिकटवून दिल्या.

ऑगस्टच्या एका रात्री मधल्या बोळातली आठ फुटी पट्टी धाडकन खाली आली. आजींना वाटले, चोर शिरला. सकाळी पाहतात तो बैठकीतलीही कोपऱ्यात सुटलेली. आठवडाभरात पाच पट्ट्या आडव्या झाल्या. ठेकेदाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "कोई बात नहीं भाभीजी, और तगड़ा वाला लगा देंगे."

आणखी तगडे! आपल्याकडे बहुतेकांचा हाच समज असतो. निसटले म्हणजे चिकटवणारे कमजोर. पण वहिनींनी पडलेली पट्टी उलटी करून पाहिली, तर चिकटवण्याचे गोळे पट्टीच्या पाठीला घट्ट बसलेले होते आणि त्या प्रत्येक गोळ्यावर भिंतीच्या रंगाचा पापुद्रा आणि खाली पांढरी भुकटी होती. पट्टी रंगाला नीट चिकटली होती. रंगच भिंतीला चिकटलेला नव्हता.

"राहू दे गं," साहेब म्हणाले. "दोन वर्षांत विकायचंच आहे. घेणारा पाहून घेईल."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पट्ट्या मात्र त्यांनी टाकल्या नाहीत. जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवल्या.

सरस, खळ आणि फेव्हिकॉल

चिकटवणे ही गोष्ट घरोघरी इतकी रोजची झाली आहे, की त्यातही प्रकार असतात हे आपण विसरतो. आजींच्या लहानपणी पतंगाला आणि पाकिटाला खळ असे, वहीला डिंक आणि सुताराकडे सरस. हा सरस जनावरांची हाडे-कातडी उकळून केलेला. तो दर वेळी गरम करून लावावा लागे, वास दोन घरे पलीकडे जाई आणि ओल लागली की सांधा सुटे. १९५९ साली बळवंतराय पारेख यांच्या पिडिलाइटने पांढरा, थंड, नुसता डब्यातून काढून लावायचा फेव्हिकॉल बाजारात आणला आणि देशभरच्या सुतारांची सरसाच्या भांड्यातून सुटका झाली. आता तर कोणत्याही चिकटवण्याला लोक फेव्हिकॉलच म्हणतात.

पण हा पांढरा गोंद लाकडाला लाकूड जोडण्यासाठी. त्यातले पाणी लाकडात शोषले जाते, तेव्हा तो घट्ट होतो. प्लॅस्टिकसारख्या न शोषणाऱ्या वस्तूला आणि ओलसर भिंतीला त्याचा काही उपयोग नाही. सनमायका बसवायला वापरतात ते पिवळट, रबरी चिकटवणे निराळे. ते दोन्ही बाजूंना लावायचे, बोटाला लागणार नाही इतके सुकू द्यायचे आणि मग एकदाच दाबायचे. एकदा टेकले की तसूभर सरकवता येत नाही. ठेकेदाराच्या पोरांनी हेच वापरले होते, तेही खिडक्या लावून. त्या संध्याकाळी आजींचे डोके दुखले ते उगाच नव्हे. त्यातली द्रावणे डोक्यात चढतात आणि चटकन पेट घेतात. असे काम चालू असताना खिडक्या सताड उघड्या हव्यात. गॅस, देवाजवळचा दिवा, उदबत्तीसुद्धा नको.

झटपट चिकटणारे इवल्या नळीतले चिकटवणे तर अपघाताने सापडलेले. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ जिथेतिथे चिकटून बसे म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. नऊ वर्षांनी पुन्हा तोच पदार्थ हाताशी आला तेव्हा त्याची किंमत कळली आणि १९५८ मध्ये तो विक्रीला आला. हवेतल्या, बोटावरच्या किंचित ओलाव्यानेच तो आवळतो. म्हणून तुटलेल्या कपाच्या कानाला छान, पण खडबडीत भिंतीला कुचकामी, कारण फट भरून काढणे त्याला जमत नाही. वहिनींच्या नातवाने सुटलेल्या पट्टीचा एक कोपरा 'आजीला मदत' म्हणून याच नळीने चिकटवायचा प्रयत्न केला. कोपरा चिकटला नाही, दोन बोटे चिकटली! अशा वेळी बोटे ओढून काढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवावीत. आणि हे चिकटवणे पुसायला कापूस किंवा सुती चिंधी घेऊ नये. सुतावर ते इतके तापते, की चटका बसतो. डोळ्यात उडाले तर घरगुती उपायांच्या मागे न लागता तडक डॉक्टर गाठावा.

राळ आणि कडक करणारा भाग अशा दोन नळ्यांचे मिश्रण करतात तो ऍरल्डाइटसारखा इपॉक्सी फार मजबूत असतो, फटही भरतो. आणि अलीकडे पिचकारीसारख्या बंदुकीत घालून दाबायच्या लांब नळ्या मिळतात. दुकानदार त्याला 'बिनखिळ्याचे' चिकटवणे म्हणतात. त्यातला चांगल्या प्रतीचा माल हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही थोडा रबरासारखा लवचीक राहतो. दिल्लीसारख्या ठिकाणी त्याला महत्त्व आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर, जानेवारीत पाच अंशांच्या आसपास आणि मध्ये दमट पावसाळा. अशा हवेत आठ फुटी पट्टी थोडीफार लांबते-आखडते. तिच्याबरोबर ताणले जाणारे चिकटवणे टिकते. काचेसारखे कडक असेल ते तडकते.

पण यातले कोणतेही घेतले तरी आधी भिंतीला विचारावे लागते.

भिंतीला लोणा

हे वहिनींना सांगितले ते सोसायटीच्या गेटसमोर हत्यारे घेऊन बसणाऱ्या एका वयस्क मिस्त्रीने. त्याने पट्टीला हातही लावला नाही. खिशातून चिकटपट्टी काढून भिंतीवर दाबली आणि झटक्याने ओढली. रंग सोलून बरोबर आला. मग किल्लीने भिंतीचा तळ खरवडला. पिठासारखा भुगा पडला. "सीलन है," तो म्हणाला. "इस पर कुछ नहीं टिकेगा. हाथी बाँध दो तो भी."

ओल कुठून येते हे पाहायची त्याची रीत कुणालाही करता येईल अशी आहे. भिंतीच्या तळाशी हात-दीड हात लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने बंद करून लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब साचले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला साचले तर हवेतली. वहिनींच्या प्लॅस्टिकला आतून दव आले.

दिल्लीच्या या भागातले जमिनीतले पाणी खारट आहे. तळमजल्याच्या भिंतीत ते वातीतल्या तेलासारखे चढते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि त्याचे खडे गिलाव्याच्या छिद्रांत फुगून रंगाचे पोपडे पाडतात. खेड्यातली जुनी माणसे याला भिंतीला लोणा लागला म्हणत. त्यात दिल्लीत भिंती गुळगुळीत दिसाव्यात म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात देण्याची भारी हौस. ते कोरडे असेतो मलईसारखे. ओल लागली की भुसभुशीत. पट्टी चिकटवायची तर नेमकी तिथेच, फरशीपासून सहा इंचांत.

मिस्त्रीने सांगितलेला उपाय असा : सहा-सात इंच उंचीपर्यंतचे ते सगळे पांढरे खरवडून काढायचे, भिंत उघडी ठेवून पंख्याखाली वाळू द्यायची, मीठ वर येईल ते कोरड्या कुंच्याने झाडत राहायचे (पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जाते), मग ओल अडवणारे औषध घातलेला सिमेंटचा गिलावा करायचा आणि तोही वाळल्यावरच पट्टी. किती दिवस? तो म्हणाला, दिवाळीनंतर या. घराबाहेर भिंतीला टेकवून रचलेल्या कुंड्या आणि माती तेवढी त्याने त्याच दिवशी हटवायला लावली. अर्धी ओल त्या मातीतूनच येत होती. वहिनींची तुळस पहिल्यांदा फाटकाशी गेली.

साहेब वैतागले. "म्हणजे आता पैसे घालून भिंत फोडायची? जे घर आपण सोडणार त्यासाठी?"

"कोण सोडणार?" वहिनींनी विचारले.

एवढाच प्रश्न. पण तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारला गेला होता. साहेब वर्तमानपत्र घेऊन गच्चीत गेले, म्हणजे तळमजल्यावर जी काय चार हातांची मोकळी जागा असते तिथे. आजी जपमाळ ओढत होत्या. त्यांचे मणी थांबले होते हे वहिनींनी पाहिले.

स्त्रियांच्या मनातले घर आणि पुरुषांच्या मनातले गाव यांची गाठ निवृत्तीच्या वेळी पडते आणि ती बऱ्याच घरांत जोरात पडते. पुरुषाला जायचे असते त्या गावात तो पंचवीस वर्षांचा असताना राहत होता. बाईचे मात्र सगळे रोजचे आयुष्य बदलीच्या शहरात उभे राहिलेले असते. वहिनींची मुलगी मेट्रोने तासाभरावर, दर शनिवारी नातू येणार. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनातले कार्यक्रम, भाजीवाला, दातांचा डॉक्टर, पहाटे फिरायला येणारी पंजाबी मैत्रीण. साताऱ्यात त्यांच्या ओळखीची माणसे आता फोटोंत जास्त होती. साहेबांचेही खोटे नव्हते. वडिलांना दिलेला शब्द होता आणि आजींना मरण आपल्या मातीत यावे असे ते धरून चालले होते.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घराच्या भिंती गुडघ्याखाली सोललेल्या होत्या. फराळाला आलेली मंडळी 'काम चाललंय वाटतं' म्हणून नजर वळवीत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजींनी नातवाकडून गेरू आणवला, वाटीत कालवला आणि स्टुलावर बसून देवघराजवळच्या नव्या गिलाव्यावर चांगला चार बोटे रुंद पट्टा ओढला. त्यांच्या माहेरी मातीच्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारून झाल्या, की तळाशी असाच पट्टा काढीत. जमीन सारवताना शेणाचे हात भिंतीला लागतात, ते दिसू नयेत म्हणून. म्हणजे त्याही काळी ही पट्टी होतीच. फक्त ती चिकटवावी लागत नसे आणि दरसाल पुन्हा काढायची असे.

"सातारच्या घराला कोण काढतंय आता," पट्टा ओढता ओढता आजी म्हणाल्या. "पडलंच ते. मला कशाला नेताय तिकडं? इथं निदान पोरगी येते."

साहेब कंदील लावत होते. त्यांनी ऐकले, पण ते काही बोलले नाहीत.

मिस्त्रीला मात्र तो गेरू पाहून कपाळाला हात लावावा लागला. रंगाच्या भुकटीवर चिकटवणे कसे बसणार? तेवढा भाग त्याने तारेच्या ब्रशने घासून साफ केला. आजींनी फुरंगटून अर्धा दिवस त्याच्या चहात साखर घातली नाही.

स्क्रू की चिकटवणे

शेवटचा वाद साहेबांनीच काढला. स्क्रू मारावेत, म्हणजे उद्या काढायच्या झाल्या तर पट्ट्या निघतील. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पक्क्या भिंतीला रावळप्लग ठोकून मारलेला स्क्रू हा अजूनही सर्वांत भरवशाचा आणि सोडवायला सोपा. पण या जुन्या फ्लॅटमध्ये प्लगपॉइंटच्या वायरी फरशीलगत भिंतीतून गेल्या आहेत आणि न्हाणीघराच्या भिंतीत पाण्याचा नळ. कुठून कसे ते दाखवणारा कागद कुणाजवळ नाही. अशा भिंतीत आंधळेपणाने ड्रिल घालणे म्हणजे नसते संकट. चिकटवणे तिथेच कामाला येते.

"और निकालना हो तो?" साहेबांनी विचारले.

"फिर तो प्लास्टर साथ आएगा, बाबूजी."

साहेब थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लगा दो."

काम दोन दिवस चालले. मिस्त्रीने आधी पट्ट्या कोरड्याच लावून पाहिल्या. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापायचे असतात, पण गुण्या लावला तेव्हा घरातला एकही कोपरा काटकोनात नव्हता. दर कोपऱ्याला काप थोडा बदलावा लागला. पट्ट्यांच्या पाठी पॉलिश पेपरने खरखरीत केल्या, भिंतीची धूळ पुसली. नळीतले चिकटवणे त्याने सलग न लावता वीतभर अंतरावर उभ्या रेघांत लावले, म्हणजे मधून हवा जाते, ते आतपर्यंत वाळते आणि उरलीसुरली ओलही कोंडत नाही. पट्टी फरशीला न टेकवता खाली दोन पुठ्ठ्यांइतकी फट सोडली. पुसण्याचे पाणी मागे चढू नये म्हणून. वरची बारीक रेघ नंतर रंग बसेल अशा भरणीने बुजवली.

खरी परीक्षा पुढचे चोवीस तास. तोवर पट्टी हलता कामा नये. कागदी टेप लावला, पण बोळातली भिंत मध्ये किंचित आत गेलेली होती. तिथे पट्टी दबून राहीना. साहेबांनी माळ्यावरून दोन विटा आणि कचेरीतल्या नियमांची चार जाडजूड पुस्तके आणून टेकवली. रात्री आजी उठल्या तर अडखळतील म्हणून ते स्वतः बोळात खुर्ची टाकून बसले. दोनदा त्यांना हाताला धरून नेले-आणले. वहिनींना जाग आली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि साहेब बॅटरी लावून पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये नख घालून पाहत होते.

"अहो, झोपा आता."

"धरतंय," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी आवराआवर करताना आठ फुटांचे दोन तुकडे आणि अर्धी नळी उरलेली निघाली. भंगारवाला दाराशीच होता. वहिनींनी तुकडे त्याच्या गाडीवर ठेवले. साहेबांनी ते परत उचलले, पुसले, त्यावर पेन्सिलीने 'बैठक' आणि 'बोळ' असे लिहिले आणि माळ्यावर टाकले. लागतील पुढे, म्हणाले.